हा धूर कोणाच्या दारात?

डिसेंबर उजाडतो, पुण्याचा पारा दहा अंशांच्या खालीवर घुटमळू लागतो, आणि पहाटे सहाच्या सुमारास इमारतींच्या पार्किंगमध्ये गाड्या गरम करणे सुरू होते. किल्ली फिरते, सेल्फ लागतो, इंजिन धडधडू लागते. मग गाडी तशीच न्यूट्रलवर सोडून मालक वर घरात जातो. चहा होतो, डबा भरला जातो, मुलाचा हरवलेला मोजा सापडतो. खाली गाडी चालूच असते. पाच मिनिटे, दहा मिनिटे, थंडी जास्त असली तर पंधरा. दुचाकीवाला तेवढा वेळ उभा राहून ॲक्सिलरेटर पिळतो, कारण रेस दिल्याशिवाय इंजिन तापत नाही अशी त्याची समजूत असते. शाळेची व्हॅन फाटकाशी येऊन थांबते, तीही चालूच. नाशकात हेच, नागपुरात हेच.

या सवयीवर मला सौम्यपणे लिहिता येणार नाही. तिच्यात नुसते अज्ञान असते तर दोन ओळींचे सूचनाफलक लावून काम भागले असते. पण ही सवय रोज पहाटे काही माणसांच्या छातीत विष भरते, ती माणसे आपल्या डोळ्यांसमोर असतात, त्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात, आणि तरीही गेली कितीतरी वर्षे ती आपल्या हिशेबात आलेली नाहीत. हा आरोप आहे. तो सुशिक्षित, गाडी बाळगणाऱ्या, स्वतःला सुसंस्कृत म्हणवणाऱ्या वर्गावर आहे, आणि मी त्याच वर्गातला आहे.

आधी यंत्राचे बघू, कारण या सवयीचे सगळे समर्थन यंत्राच्या नावाने केले जाते. गाडी गरम करण्याला एके काळी कारण होते आणि ते खरे होते. पद्मिनी, ॲम्बेसेडर, सुरुवातीची मारुती 800 या गाड्या कार्बुरेटरवर चालत. हवेच्या झोताने पेट्रोल ओढून घ्यायचे आणि दोन्ही मिसळून इंजिनात सोडायचे, एवढेच त्या उपकरणाला कळत असे. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. थेंब थेंबच राहतात, मिश्रण धड पेटत नाही, गाडी चौकात आचके देऊन बंद पडते. म्हणून चोक ओढायचा, हवा कमी करून पेट्रोलचे प्रमाण वाढवायचे आणि इंजिन तापेपर्यंत वाट बघायची. हिवाळ्यात चेतक स्कूटर एका अंगावर तिरकी करून मग किक मारणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्या पिढीने गाडी तापवली ती गरज म्हणून. त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

पुढे 2000 सालच्या आसपास आपल्याकडे मोटारींमध्ये कार्बुरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. बाहेरची हवा किती गार आहे, कूलंट किती गार आहे, हे सेन्सर मोजतात आणि पेट्रोल किती सोडायचे ते गाडीतला छोटा संगणक क्षणार्धात ठरवतो. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींमधूनही कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. म्हणजे ज्या भागासाठी थांबायचे, तो भागच आता गाडीत उरलेला नाही. बापाने चोक ओढून पाच मिनिटे वाट पाहिली. मुलाच्या गाडीत चोक नाही, तरी तो पाच मिनिटे वाट बघतो.

'ऑइल वर चढू द्यावे लागते', असे यावर सांगितले जाते. इंजिन सुरू झाले की काही सेकंदांत पंप ऑइलचा दाब तयार करतो. आजच्या बहुतेक गाड्यांत पडणारे 5डब्ल्यू-30 सारखे ऑइल उणे 30 अंशांतही इंजिन फिरू देईल इतके पातळ राहते की नाही, याची चाचणी होऊनच बाजारात येते. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला की वर्तमानपत्रे पहिल्या पानावर बातमी छापतात. त्या ऑइलच्या लेखी ती थंडीच नव्हे. उलट उभ्या गाडीत इंजिन फार सावकाश तापते. तोवर संगणक गार इंजिनाला जास्तीचे पेट्रोल देत राहतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते आणि खाली उतरून सगळे ऑइल पातळ करते. गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग, टायर हे तर उभ्या गाडीत गरमच होत नाहीत. गाडीचे भले करायचे असेल तर सुरू करावी, पट्टा लावावा, आरसा नीट करावा, तेवढ्यात अर्धे मिनिट जाते, आणि निघावे. पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश, इंजिनावर जोर न टाकता. याहून जास्त काळजी या महाराष्ट्रात कोणत्याही पेट्रोल गाडीला लागत नाही.

जिथे खरोखर लागते तिथली गोष्ट वेगळी आहे. लडाखमध्ये हिवाळ्यात साधे डिझेल टाकीत गोठू लागते, त्यात मेण धरते, फिल्टर तुंबतात. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे डिझेलमध्ये रॉकेल मिसळून दिवस काढले. नोव्हेंबर 2019 मध्ये इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल तिथे आणले, तेव्हा कुठे त्यांची ही ओढाताण कमी झाली. अलास्कातल्या फेअरबँक्ससारख्या गावात पार्किंगमध्ये विजेचे प्लग असतात; रात्री इंजिनाचा हीटर त्यात लावून ठेवतात. ज्यांची थंडी खरी आहे त्यांनी त्यावर विचार केला, उपाय काढले. आपण मात्र पाषाण-बाणेरच्या थंडीत द्रासची तयारी करतो.

1888 साली 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांनी आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: हे तुम्ही का करता, याचे कारण सांगा. कारण सांगता येत नसेल तर सोडा. त्यांच्यासमोर केशवपन होते, बालविवाह होते. त्या भीषण रूढींच्या रांगेत मी गाडी तापवण्याला बसवत नाही. पण रूढी जगते कशी ते दोन्हीकडे सारखेच दिसते. कारण मरून जाते, कृती उरते, आणि त्या कृतीचा भार ज्याच्यावर पडतो त्याला बोलण्याचा अधिकार नसतो. अधिकार असता तर ती कृती कधीच थांबली असती.

तो भार कोणावर पडतो ते आता सांगतो.

पुण्यातल्या बहुसंख्य इमारती खांबांवर उभ्या आहेत. खालचा मजला पार्किंगचा. त्या पार्किंगच्या एका कोपऱ्यात, मीटर रूमला किंवा जिन्याखालच्या जागेला लागून एक खोली असते. नकाशात तिच्यावर काहीही लिहिलेले असो, राहतो तिथे वॉचमन, त्याची बायको आणि दोन-तीन मुले. कोणी लातूर-नांदेडकडून आलेला असतो, कोणी सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातून, कोणी नेपाळातून. कोथरूडमधल्या अशा एका खोलीत मी बराच वेळ बसलो आहे. दहा बाय आठची जागा. एकच खिडकी, ती पार्किंगकडे उघडणारी, तिला काचेऐवजी जाळी आणि जाळीवर आतून खिळ्यांनी ठोकलेले प्लॅस्टिक. दाराच्या फटीत गुंडाळून कोंबलेले पोते. मला आधी वाटले, ते उंदरांसाठी असेल. तेवढ्यात समोरची गाडी सुरू झाली आणि त्या बाईने बोलता बोलता, सवयीने, पायाच्या अंगठ्याने पोते आणखी आत रेटले. ते धुरासाठी होते. गाडी पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून लावलेली असल्यामुळे तिचा सायलेन्सर खिडकीपासून चार-पाच फुटांवर येत होता. जमिनीवर गोधडीत झोपलेल्या मुलाचे डोके आणि तो सायलेन्सर जवळजवळ एकाच उंचीवर होते.

त्या प्लॅस्टिकने आणि पोत्याने काय अडते? मोठी काजळी थोडीफार अडत असेल. कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, आणि एकदा चिकटला की शरीराला हवा मिळूनही प्राणवायू मिळत नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपलेली माणसे उठत नाहीत ती यामुळेच. उघड्या पार्किंगमध्ये मरणाएवढी मात्रा साठत नाही हे खरे. पण डोके दुखणे, मळमळणे, दिवसभर अंग मोडून राहणे यांना बातमीत जागा मिळत नसते, आणि ती बाई डॉक्टरकडे जाऊन 'रोज सकाळी डोकं धरतं' एवढेच सांगते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी गाडीच्या मालकांनी नीट समजून घ्यावी. तुमच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. तो काम करू लागतो साधारण 250 ते 300 अंश तापल्यावर. गाडी चालवली तर तो लवकर तापतो. न्यूट्रलवर उभी ठेवली तर फार उशिरा. म्हणजे गाडीचा सर्वांत घाणेरडा धूर हा पहिल्या काही मिनिटांचा, आणि ती मिनिटे तुम्ही रस्त्यावर पसरून न टाकता सगळीच्या सगळी एका खोलीच्या दाराशी ओतता. पीयूसीच्या प्रमाणपत्रावर जो आकडा येतो तो तापलेल्या इंजिनाचा असतो. पहाटेच्या गार इंजिनाचा धूर कोणी मोजलेला नसतो. तो फक्त कोणाच्या तरी नाकात गेलेला असतो.

वेळही नेमकी वाईट. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. जमिनीलगतचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन चढेपर्यंत तो वर जात नाही. पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात पहाटे जो धुक्यासारखा पांढरा थर दिसतो, त्यात नुसते दव नसते. सूक्ष्म धूलिकणांची चोवीस तासांची सरासरी 15 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितले. आपल्या देशाने स्वतःला 60 ची सवलत देऊन ठेवली आहे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलचा धूर माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे. आपल्या मुलाच्या खोलीत पाहुण्याने विडी पेटवली तर आपण त्याला उठवून बाहेर पाठवू. वॉचमनच्या मुलाच्या खोलीबाहेर आपण डिझेल एसयूव्ही पंधरा मिनिटे चालू ठेवतो.

मग तो वॉचमन बोलत का नाही? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक सोसायटीतल्या प्रत्येक सभासदाला ठाऊक आहे. तो एजन्सीचा माणूस असतो. एक फोन गेला की दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा माणूस उभा असतो. नोकरी गेली तर खोलीही जाते, म्हणजे त्याच दिवशी बायको-मुलांसह रस्त्यावर. शिवाय त्याच गाड्या पहाटे पाचला उठून थंड पाण्याने धुण्याचे काम तो करतो, महिन्याच्या काही शे रुपयांवर. ज्याच्या गाडीच्या धुराने मूल खोकते, त्याच गाडीच्या धुण्याने त्या मुलाची वही येते. असा माणूस 'साहेब, जरा इंजिन बंद करता का' हे सहा शब्द कोणत्या बळावर उच्चारणार? त्याच्या गप्प राहण्याला आपण संमती समजलो. समजलो असेही नाही. तो काही म्हणू शकतो ही शक्यताच आपल्या मनात कधी आली नाही.

आणि हे आपल्याला नवे नाही. वारा कोणत्या दिशेने वाहतो, ओढ्याचे पाणी कोणीकडे उतरते, हे बघून कोणाची वस्ती कुठे ठेवायची ते ठरवणारा हा समाज आहे. वरच्यांचे पाणी खालच्यांकडे, वरच्यांची घाण खालच्यांच्या वाटेवर, आणि खालच्यांच्या अंगावरून आलेला वारा मात्र वरच्यांना लागता कामा नये, हा गावगाड्याचा नियम होता. खेडे सोडून शहरात आलो, लिफ्टच्या इमारती बांधल्या, आडनावे विचारणे कमी केले असे स्वतःला सांगितले. पण इमारतीच्या आत वर आणि खाली तेच उरले. धूर तयार होतो सातव्या मजल्याच्या सोयीसाठी, राहतो तळमजल्यावर. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. दीडशेहून अधिक वर्षे उलटली, आणि त्याच पुण्यात एका कुटुंबाची श्वासाची हवा दुसरे कुटुंब रोज सकाळी नासवते, तरी कोणाला त्यात सांगण्यासारखे काही दिसत नाही.

अलीकडे तर खाली उतरण्याचेही कष्ट उरलेले नाहीत. कितीतरी नव्या मोटारी मोबाइलवरून सुरू करता येतात. अंथरुणातून बटण दाबले की खाली इंजिन चालू. गाडी विकताना हे वैशिष्ट्य म्हणून दाखवले जाते: बसण्याआधीच आतली हवा तुम्हाला हवी तशी. ज्याने बटण दाबले त्याला धूर दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, खिडकीवरचे प्लॅस्टिक फडफडताना दिसत नाही. पूर्वी निदान किल्ली फिरवायला माणूस खाली येत होता; त्या खोलीच्या दारावरून जात होता.

ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहे त्यांची तऱ्हा निराळी. ड्रायव्हर धनकवडीहून, हडपसरहून दुचाकीवर गारठत सहाला येतो. फोनवर निरोप येतो, 'गाडी गरम करून ठेव, दहा मिनिटांत येतोय.' दहाची वीस होतात. साहेबांच्या आधी गाडीत बसून राहणे बरे दिसत नाही म्हणून तो बाहेर उभा असतो, हात काखेत घालून, चालू गाडीच्या शेजारी. आत कोणीही नाही आणि आत उबदार आहे. बाहेर माणूस आहे आणि तो कुडकुडतो आहे. हे दृश्य पाहून ज्याला काही वाटत नाही त्याच्याशी इंजिनाच्या तांत्रिक बाजूवर चर्चा करून उपयोग नाही.

शहरालाच बोलावे असे नाही. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिवकडची लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात उतरतात आणि ऐन थंडीचे महिने प्लॅस्टिक आणि पाचटाच्या कोप्यांमध्ये काढतात. पहाटे तीन-चारला उठून ट्रॅक्टरची ट्रॉली भरावी लागते. बायका डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढतात, उसावरचे दव मानेवरून पाठीत उतरते. ट्रॅक्टर चालूच असतो. एकदा बंद केला की गारठ्यात सेल्फ लागत नाही, बॅटरी उतरलेली असते, आणि नवी बॅटरी घेण्यापेक्षा डिझेल जाळणे मालकाला सोपे वाटते. झोपेतून उठलेली लहान मुले उबेसाठी त्या इंजिनाच्या कडेला येऊन बसतात, कारण त्या अंधाऱ्या फडात गरम अशी तेवढी एकच वस्तू असते. हजारो कोटींची उलाढाल करणारा धंदा. त्यात थंडीतल्या पोराला ऊब कोणाची, तर ट्रॅक्टरच्या धुराची. तिथे बसलेल्या मुलाला 'धुरापासून लांब हो' असे सांगण्याचा नैतिक अधिकार कोणालाही नाही, आधी त्याला घोंगडी आणि छप्पर देणाऱ्याशिवाय. आणि हे देणे कारखान्यांना अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ज्यांना गाळपाचे उच्चांक करता येतात त्यांना कोपीच्या जागी चार भिंती उभ्या करता येतात.

आपल्याला वस्तूची काळजी घेता येते, हे दसऱ्याला दिसते. गाडी धुतली जाते, झेंडूचा हार चढतो, हळदकुंकू लागते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते. त्या भावनेबद्दल माझी तक्रार नाही. साधनाविषयी कृतज्ञता चांगलीच. पण जो हात ती गाडी वर्षभर धुतो, त्या हाताला हिवाळ्यात कोमट पाणी मिळावे असे आपल्या घरात कोणी म्हटल्याचे आठवते का? इमारतीच्या गच्चीवर सोलर बसवलेले असते. त्याची एक तोटी खाली पार्किंगपर्यंत आणायला किती नळ लागतो?

पैशाचा हिशेब ज्यांना पटतो त्यांच्यासाठी तोही मांडतो. साध्या छोट्या मोटारीचे इंजिन नुसते उभे चालू ठेवले तर तासाला साधारण सहाशे मिलिलिटर पेट्रोल जाते, म्हणजे दहा मिनिटांत शंभर. शंभर गाड्यांची सोसायटी धरा, थंडीचे साठ दिवस धरा. सहाशे लिटर पेट्रोल होते, साठ हजार रुपयांहून अधिक, आणि सव्वा टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड. इंचभरही प्रवास न करता. त्याच सोसायटीच्या सभेत वॉचमनच्या खोलीला पार्किंगऐवजी बागेच्या बाजूने खिडकी पाडण्याचा विषय निघाला तर 'फंड नाही' असे सांगितले जाते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 126 प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी उभी करून जाताना चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस तरी बसलेला हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा. म्हणजे फाटकाबाहेर रस्त्याकडेला गाडी चालू ठेवून वर चहाला जाणे हा गुन्हाच आहे. हे कलम लावलेले मी कधी पाहिले नाही. जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवायला वाहतूक नियमांनीच बंदी आहे. न्यूयॉर्क शहरात उभ्या गाडीचे इंजिन तीन मिनिटांच्या वर चालू ठेवता येत नाही, आणि शाळेशेजारी तर एकच मिनिट. तिथे राहणारी आपली मराठी मुले हा नियम मुकाट पाळतात. शाळेसाठी वेगळा, कडक नियम का, हे कोणत्याही आईला न सांगता कळेल: मुलाचे नाक सायलेन्सरच्या जवळ असते आणि ते मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते. आपल्याकडच्या शाळांच्या फाटकांवर सकाळी सात वाजता उभे राहून बघा. व्हॅन चालू, बस चालू, पालकांच्या मोटारी चालू, आणि त्यांच्या मधून दप्तर घेऊन वाट काढणारी पहिली-दुसरीतली मुले. इथे तर स्वतःच्याच लेकराला आपण धुरातून चालवतो. वॉचमनच्या मुलाबद्दल कळकळ नसेल तर निदान इथून सुरुवात करा.

काही आक्षेप रास्त आहेत. ट्रक आणि एसटीच्या एअर ब्रेकमध्ये हवेचा दाब भरेपर्यंत काही मिनिटे इंजिन चालवावेच लागते. तो दाब आल्याशिवाय गाडी हलवणे धोक्याचे आहे. खेड्यात मुक्कामी असलेल्या एसटीचा चालक पहाटे पाचला ते करतो तेव्हा तो आपले काम करतो. त्याला आणि वाहकाला रात्री बसच्याच बाकावर अंग टाकायला लावणारे गाव मात्र त्याच्या धुराबद्दल बोलायला पात्र नाही. डिझेल मोटारीत हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे लागते, पण ते काही सेकंदांचे काम आणि तेव्हा इंजिन सुरूही झालेले नसते. कोणाकडे अजून जुनी कार्बुरेटरची दुचाकी असेल, तर त्याने ती ढकलत फाटकाबाहेर मोकळ्या जागी न्यावी आणि मिनिटभर तिथे चालू ठेवावी.

उरलेल्यांनी आपल्या सोसायटीत करण्यासारखे काम ठरलेले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सप्टेंबरच्या वार्षिक सभेची वाट बघत बसायचे कारण नाही. पार्किंगमध्ये अर्ध्या मिनिटाहून जास्त इंजिन चालू ठेवायचे नाही, हा एक ठराव. वॉचमनच्या खोलीसमोरच्या दोन जागांवर गाड्या सायलेन्सर बाहेरच्या बाजूला येईल अशाच लावायच्या, आणि ती खिडकी दुसऱ्या भिंतीत हलवण्याचा खर्च याच वर्षी मंजूर करायचा, हा दुसरा. तिसरा सर्वांत महत्त्वाचा: चालू गाडी दिसली तर मालकाला फोन करून ती बंद करायला सांगण्याचा अधिकार वॉचमनला आहे, आणि त्याने तो वापरला म्हणून त्याला किंवा त्याच्या एजन्सीला कोणी जाब विचारणार नाही. हे त्याला सभेत समोर बसवून, खुर्ची देऊन, अध्यक्षांनी स्वतः सांगावे आणि इतिवृत्तात तसे लिहून घ्यावे. मागणीचा अर्ज अर्ध्या पानाचा होतो. शंभर घरांच्या सोसायटीत त्यावर वीस सह्या लागतात.